तुरटी गप्प, खडीसाखर बोलकी

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते : हिरव्या लेसर पॉइंटरमधला प्रकाश मुळात हिरवा नसतोच. त्या एका वाक्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी घरी पाठवला. वर चिठ्ठी, ‘तुम्हीच निस्तरा.’ तिघांनी माझी चूक काढली आहे (चूक नाही), एकाने चक्क पॉइंटर पाठवला आहे, तोही सुटा करून. पुण्यातल्या एका लेसर प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं स्फटिक पुसले, बसवले आणि त्यांच्यावर वैतागले. त्यामुळे उत्तरं पुस्तकातली कमी आणि टेबलावरची जास्त असतील. बाकी सगळं बाजूला ठेवून या वेळी फक्त स्फटिक आणि प्रकाश.

प्रश्न : मी इचलकरंजीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती करतो. तुमचं वाक्य वाचून जत्रेत घेतलेला पॉइंटर उघडला. डायोडच्या पुढे तांदळाच्या कणीएवढे दोन स्फटिक एकमेकांना चिकटवलेले निघाले. एक जांभळट, दुसरा पाण्यासारखा. पाण्यासारख्या तुकड्याने रंग बदलत असेल, तर त्याच्या जागी काच घासून बसवली तर चालेल का? सुटे भाग सोबत पाठवत आहे.

उत्तर : चिमट्यावरचा तुमचा हात चांगला आहे, एकही कोपरा उडालेला नाही. पण काच चालणार नाही.

आधी आत काय चालतं ते. डायोड ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देतो, तो आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. जांभळट तुकडा म्हणजे निओडिमियम मिसळलेला यट्रियम व्हॅनेडेट. तो हा प्रकाश पिऊन १०६४ नॅनोमीटरचा लेसर देतो, तोही न दिसणाराच. पाण्यासारखा तुकडा पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेटचा, आम्ही त्याला केटीपी म्हणायचो. त्याच्यात १०६४ चे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकत्र येऊन एक होतो. ऊर्जा दुप्पट म्हणून तरंगलांबी निम्मी, ५३२. हा तुमचा हिरवा.

हे पहिल्यांदा दिसलं १९६१ मध्ये. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात थिओडोर मायमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाचा पहिला लेसर पेटवला होता. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तसाच ६९४.३ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला, पलीकडचा प्रकाश लोलकाने पसरवला आणि फोटोच्या काचेवर घेतला. काचेवर लाल झोताचा भला मोठा डाग उमटला आणि दूर, बरोबर निम्म्यावर, ३४७.२ पाशी एक बारीक ठिपका. दहा कोटी फोटॉन आत गेले तर कुठे एखादा असा बाहेर यायचा. शोधनिबंध छपाईला गेला तेव्हा तो ठिपका कचरा समजून कुणीतरी पुसून टाकला. छापलेल्या अंकात बाण आहे, बाणाच्या टोकापुढे कोरी जागा आहे. आमच्या प्रयोगशाळेत त्या पानाची झेरॉक्स भिंतीला चिकटवलेली होती. नवीन आलेल्या मुलांना मी आधी ती दाखवायचे, मग फडकं हातात द्यायचे.

आता तुमची काच. शुद्ध सिलिकाची काच आणि क्वार्ट्झ, दोन्हींत तेच सिलिकॉन, तोच ऑक्सिजन, प्रमाणही तेच. तरी क्वार्ट्झ रंग बदलतो आणि काच बदलत नाही. म्हणजे फरक मालाचा नाही, मांडणीचा आहे.

जुन्या घरातला झोपाळा आठवा. मोकळ्या पडवीत टांगला तर पुढे जितका जातो तितकाच मागे. आता तोच झोपाळा मागच्या भिंतीला खेटून टांगलाय असं समजा. पुढे मोकळा जाईल, मागे मात्र पाय भिंतीला लागून लवकर परतेल. त्याची हालचाल एका अंगाला चपटी झाली. ही अशी एकांगी चपटी लाट मोडून पाहिली की तिच्यात मूळ वारंवारतेबरोबर दुप्पट वारंवारतेचाही (म्हणजेच निम्म्या तरंगलांबीचा) भाग सापडतो. भिंत दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असेल तर? चपटेपणा दोन्हीकडे सारखा येतो, आणि मग तिप्पट सापडते पण दुप्पट सापडत नाही. स्फटिकातले इलेक्ट्रॉन म्हणजे हा झोपाळा, प्रकाशाचं विद्युत क्षेत्र म्हणजे झोका देणारा हात. साध्या दिव्याचा झोका इतका हलका की पाय भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून हे सगळं बघायला लेसर यावा लागला.

मिठाच्या खड्यात कुठल्याही सोडियमवर उभं राहून उजवीकडे बघा. जितक्या अंतरावर जे दिसेल, तितक्याच अंतरावर तेच बरोबर उलट दिशेलाही असतं. याला सममितीचं केंद्र म्हणतात. दोन्हीकडे भिंत, किंवा दोन्हीकडे मोकळं. असं केंद्र असलेल्या स्फटिकाला दुप्पट वारंवारता देताच येत नाही. तुम्ही लेसर कितीही वाढवा, नियम सैल होत नाही. काचेत मांडणीच विस्कळीत, पण सरासरी काढली की सगळ्या दिशा सारख्या, म्हणून तीही याच गटात. स्फटिकांचे सममितीनुसार ३२ वर्ग पडतात, त्यांतल्या २१ वर्गांना हे केंद्र नाही. त्या २१ पैकी एका वर्गात इतर सममिती इतकी जास्त आहे की केंद्र नसूनही हाती काही लागत नाही. उरले २०. क्वार्ट्झ दाबला की त्याच्यावर विद्युतभार येतो हे पिअर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. तो गुणधर्मही याच २० वर्गांत सापडतो. तुमच्या दुकानातल्या घड्याळांमधला क्वार्ट्झ आणि फ्रँकेन यांचा क्वार्ट्झ एकाच कारणाने कामाचे आहेत.

एका दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी प्रसादाची खडीसाखर टेबलावर ठेवली होती आणि स्पंद देणारा १०६४ चा लेसर चालूच होता. स्फटिकाची पूड करून लेसरखाली धरायची, हिरवं दिसतं का बघायचं, ही पद्धत कुर्ट्झ आणि पेरी यांनी १९६८ मध्ये रूढ केली. आम्ही तिचा फराळ केला. मीठ, तुरटी आणि खडीसाखर वेगवेगळ्या खलात कुटली, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबली आणि एकेक करून पुढे धरली. मीठ गप्प. तुरटी गप्प. खडीसाखरेवर झोत पडला आणि हिरवा ठिपका लुकलुकला. आमच्या शिपाईमामांनी ती उरलेली साखर मग खाल्ली नाही, म्हणाले तिच्यात वीज गेली आहे.

साखरेला ते केंद्र का नसतं याचं कारण मला फार आवडतं. साखरेचा रेणू हाताच्या पंजासारखा आहे, उजवा वेगळा आणि डावा वेगळा. उसात फक्त एकाच हाताचे रेणू तयार होतात. स्फटिकाला सममितीचं केंद्र हवं असेल तर प्रत्येक उजव्या पंजासमोर एक डावा पंजा हवा, आणि तो उसाने केलेलाच नाही. म्हणजे साखर कशीही गोठवा, केंद्र येणं शक्यच नाही.

(तुरटी अगदी शून्य असते का, असं कुणी खडूस परीक्षक विचारेल. पृष्ठभागावर एका बाजूला स्फटिक आणि दुसऱ्या बाजूला हवा, तिथे केंद्र मोडतं, म्हणून अतिशय पुसट प्रकाश तिथून येतोच. बर्कलीत वाय. आर. शेन यांनी त्या पुसट प्रकाशावरून पृष्ठभाग वाचण्याचं मोठं शास्त्र उभं केलं. आमच्या खलात मात्र तो दिसण्याजोगा नव्हता.)

तर केटीपीच का, क्वार्ट्झ का नाही? कारण सममिती परवानगी देते, पगार देत नाही. स्फटिकात मूळ प्रकाश एका वेगाने जातो आणि हिरवा दुसऱ्या. लेझमाच्या पथकात पुढची रांग आणि मागची रांग वेगळ्या ठेक्यावर पडली तर काय होतं? इथे जन्मलेला हिरवा आणि तिथे जन्मलेला हिरवा एकमेकांना खोडून काढतात. फ्रँकेन यांच्या क्वार्ट्झमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास गेलं की खोडाखोड सुरू होते, पुढचा सगळा स्फटिक फुकट. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये जोर्डमेन आणि फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत मेकर आणि सहकारी, दोघांनी स्वतंत्रपणे तोडगा काढला. काही स्फटिकांत प्रकाशाचा वेग त्याच्या ध्रुवणावर (त्याचं विद्युत क्षेत्र कुठल्या रेषेत डोलतं त्यावर) आणि दिशेवर अवलंबून असतो. नेमका असा कोन शोधायचा की दोन्ही रंगांचा ठेका जुळेल. तुमचा केटीपी त्याच कोनात कापलेला आहे, म्हणून तो कणीएवढा असून पुरतो.

हे पहिलं काम ज्या स्फटिकाने केलं तो केडीपी, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. पाण्यातल्या द्रावणातून वाढवतात, आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात वाढवले गेले आहेत. पाण्यातून आलेला, पाण्यातच जाणारा. आमच्याकडचा एक केडीपी मी हीटरवर ऊबदार ठेवायचे. एका ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार वीज गेली. सोमवारी पाहिलं तर आरशासारखं घासलेलं तोंड मोतीबिंदू झाल्यासारखं. तेव्हापासून पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, चपलांच्या खोक्यांतून गोळा केलेल्या.

प्रश्न : बाई, मी लातूरला बारावीत आहे. वर्तुळाकार ध्रुवित, म्हणजे ज्याचं विद्युत क्षेत्र गोल फिरत जातं अशा, प्रकाशाच्या प्रत्येक फोटॉनकडे एक एच-बार (हे सूक्ष्म जगातलं एकक) एवढा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, असतो असं वाचलं. दोन फोटॉन मिळून एक झाला तर दोन एच-बार आत आले. पण एका फोटॉनला एकच नेता येतो. उरलेला एक कुठे गेला? कोनीय संवेग अक्षय्य असतो ना?

उत्तर : असतो. तुझा प्रश्न इतका नेमका आहे की बरेच एमएस्सीवाले इथे अडखळतील. उत्तर असं, की उरलेला स्फटिक घेतो. मात्र तो एक घेत नाही, तीन घेतो.

प्रकाश वस्तूला पीळ देऊ शकतो याचा पुरावा जुना आहे. १९३६ मध्ये रिचर्ड बेथ यांनी क्वार्ट्झची एक चकती क्वार्ट्झच्याच बारीक धाग्याने टांगली आणि तिच्यातून वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश पाठवला. चकतीतून जाताना प्रकाशाचं फिरणं उलट व्हायचं, अधिक एकचं वजा एक, म्हणजे दर फोटॉनमागे दोन एच-बार चकतीच्या पदरात. चकती खरंच वळली. म्हणजे स्फटिक देवाणघेवाण करतो एवढं पक्कं.

पण तो वाटेल तेवढं घेत नाही. वर पंख्याकडे बघ, तीन पात्यांचा असेल. बंद पंखा एक तृतीयांश फेरा फिरवला तर आधी होता तसाच दिसतो. क्वार्ट्झच्या मुख्य अक्षाभोवती अशीच तीनपदरी सममिती आहे. अशा स्फटिकाच्या अक्षावरून प्रकाश गेला तर स्फटिक कोनीय संवेग फक्त तीन-तीनच्या गठ्ठ्यात घेतो किंवा देतो. सुटे पैसे नाहीत. आता हिशेब मांड. आत आले अधिक दोन. बाहेर जाणारा फोटॉन अधिक एक असेल तर स्फटिकाला एक घ्यावा लागेल, ते जमत नाही. बाहेर जाणारा वजा एक असेल तर दोन उणे वजा एक, म्हणजे तीन. जमलं. म्हणून बाहेर येणारा निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश उलट्या बाजूने फिरतो. उजवा पाठव, डावा मिळेल.

हेच चार पात्यांना लाव. दोन उणे एक बरोबर एक, दोन उणे वजा एक बरोबर तीन. दोन्ही चारच्या पटीत बसत नाहीत, म्हणून चारपदरी अक्षावरून वर्तुळाकार प्रकाश पाठवला तर दुप्पट वारंवारता शून्य. दोनपदरी आणि सहापदरी अक्षांचा हिशेब तू स्वतः कर, तिथेही शून्यच येईल. फक्त तीनच्या नशिबी हे आहे. तिप्पट वारंवारतेला मात्र चारची पाळी येते : तीन उणे वजा एक बरोबर चार. तांग आणि रेबिन यांनी १९७१ मध्ये हे नियम एकत्र मांडले आणि त्यांत याहून अवघड गणित नाही.

तू विचारशील, मग स्फटिक फिरताना दिसतो का. आम्ही स्फटिक पितळेच्या पकडीत, पकड टेबलाला, टेबल जमिनीला पक्कं करतो. तुझा हरवलेला एच-बार शेवटी पृथ्वीकडे जातो.

प्रश्न : मी फोंड्याला चित्रकला शिकवते. एका मासिकात लेसरच्या झोताचं चित्र पाहिलं, मधोमध काळं भोक, मेदूवड्यासारखं. खाली लिहिलं होतं, पीळ दिलेला प्रकाश. प्रकाशाला पीळ म्हणजे काय, आणि असा प्रकाश तुमच्या स्फटिकातून गेला तर पीळ सुटतो का?

उत्तर : सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे इथे शब्दशः खरं आहे. सुंभ म्हणजे मूळ रंग, तो स्फटिकात संपतो. पीळ उरतो, इतकंच नाही तर दुप्पट होतो.

साध्या लेसर झोतात लाटांचे माथे एकामागे एक ठेवलेल्या पत्रावळींसारखे सपाट असतात. पीळ दिलेल्या झोतात ते गोल जिन्यासारखे, अक्षाभोवती चढत गेलेले. जिन्याच्या मधल्या खांबाच्या जागी लाट वर आहे की खाली हे ठरतच नाही, म्हणून तिथे प्रकाश स्वतःला खोडून टाकतो आणि काळं भोक पडतं. एका फेऱ्यात एक तरंगलांबी चढला तर पीळ एक, दोन चढला तर दोन. १९९२ मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथे लेस अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा झोताच्या प्रत्येक फोटॉनकडे पिळाच्या आकड्याइतके एच-बार असतात. वर लातूरच्या मुलाला सांगितलेला हिशेब फोटॉनच्या स्वतःभोवती फिरण्याचा होता. हा अक्षाभोवतीच्या प्रदक्षिणेचा.

असा प्रकाश करायला महागडं यंत्र लागतं असं समजू नका. संगणकावर बारीक समांतर रेषांची जाळी काढायची आणि मधली एक रेष फाटा फुटून दोन झाल्यासारखी करायची, जेवणाच्या काट्यासारखी. आम्ही ती कागदावर मोठी छापली आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओकडून फिल्मवर लहान करून घेतली. स्टुडिओवाल्याने दोनदा विचारलं, मधली रेष चुकलीय, दुरुस्त करू का? दुसऱ्या वेळेला मी जवळजवळ ओरडलेच. त्या चुकलेल्या रेषेतून लेसर गेला की बाजूच्या झोतांना पीळ येतो.

पीळ मोजायचा तर पिळाचा झोत साध्या झोतावर टाकायचा. पडद्यावर भोवऱ्याचे हात दिसतात, पीळ एक असेल तर एक, दोन असेल तर दोन. १०६४ चा एक पिळाचा झोत स्फटिकातून गेला की हिरव्यात दोन हात. ढोलकिया, सिम्प्सन, पॅजेट आणि अ‍ॅलन यांनी १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं. एक अधिक एक बरोबर दोन, स्फटिकाने मध्ये काहीच घेतलं नाही. का? कारण प्रकाशाचं कडं अणूंच्या मानाने अवाढव्य आहे. त्या कड्यावर कुठेही उभ्या असलेल्या अणूला साधी सपाट लाट येऊन गेल्यासारखीच वाटते, जिना आहे हे त्याला कळत नाही. घाटातून गाडी वळणं घेत असताना आत झोपलेल्याला रस्ता सरळच वाटतो, तसं.

मात्र अणूला ध्रुवणाची दिशा लगेच कळते. इथे तुमच्या हातातला विषय येतो, रेषेची दिशा. कड्यावर प्रत्येक ठिकाणी ध्रुवण सूर्यकिरणांसारखं बाहेर रोखलेलं असा झोत घडवता येतो. तो तीनपदरी सममितीच्या पातळ पापुद्र्यावर टाकला तर काय होईल?

पापुद्रा म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड घेऊ. गॅरेजमध्ये काळं मोली ग्रीस असतं त्यातला हा पदार्थ, अभ्रकासारखे थर सुटतात. खनिज जसं सापडतं तसं त्याच्यात थर आलटून पालटून उलटे असतात, म्हणून सममितीचं केंद्र आहे आणि दुप्पट वारंवारता नाही. एकच थर सोलून काढला की केंद्र गेलं, प्रकाश आला. दोन थर ठेवले की पुन्हा अंधार. तीन ठेवले की पुन्हा उजेड. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला आणि ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंतेचा, असे काही गट जवळजवळ एकाच वेळी हे दाखवून गेले. थर नुसता फिरवत गेलं आणि समांतर ध्रुवणाचाच प्रकाश मोजला, तर सहा पाकळ्यांचं फूल उमटतं. पाकळ्यांच्या दिशेवरून अणू कुठल्या बाजूला रांगेत आहेत ते वाचता येतं. साध्या सूक्ष्मदर्शकाने जे दिसत नाही ते फुलावरून कळतं.

आता सूर्यकिरणांचा झोत. हा थर येणाऱ्या रेषेचा कोन दुप्पट करून उलट्या बाजूला मोजतो : थरातल्या एका ठरलेल्या दिशेपासून रेषा ३० अंश डावीकडे कललेली असेल तर निम्म्या तरंगलांबीची रेषा ६० अंश उजवीकडे. म्हणून तुम्ही कड्याभोवती एक प्रदक्षिणा घातली तर मूळ रेषा एकदा फिरते आणि नवीन रेषा दोनदा, तीही उलटी. नुसत्या डोळ्यांना कडं सगळीकडे सारखंच उजळ दिसतं. त्याच्यापुढे ध्रुवणाचा चष्मा धरला की लपलेलं बाहेर येतं, कडं चार तुकड्यांत फुटतं. विद्यार्थ्यांना कोरं कडं द्या आणि प्रत्येक १५ अंशांवर या नियमाने रेषा काढायला सांगा. छान नक्षी होते, मी केली आहे, रांगोळीच्या ठिपक्यांवर.

प्रश्न : मी मुंबईत भौतिकशास्त्रात एमएस्सी करतो. स्फटिकाची सममिती निसर्गाने ठरवलेली. मग प्रकाशालाच हव्या त्या सममितीत घडवून स्फटिकाचा नकार उलटवता येतो का? आणि असं काम आपल्याकडे होतं का?

उत्तर : दोन्हींचं उत्तर हो, आणि दुसरं तुझ्या लोकल ट्रेनच्या टप्प्यात आहे.

एक वर्तुळाकार लाट उजवीकडे फिरणारी घे, तिच्यात दुप्पट वारंवारतेची डावीकडे फिरणारी मिसळ. एकूण क्षेत्राचं टोक जी रेघ काढतं ती बेलाच्या पानासारखी, तीन पाकळ्यांची. ही पाकळी कुठल्या दिशेला वळवायची ते दोन लाटांमधला विलंब बदलून ठरवता येतं. म्हणजे तीनपदरी सममिती आता स्फटिकात नाही, प्रकाशात आहे.

ग्राफीनला, म्हणजे कार्बन अणूंच्या एकाच थराला, सममितीचं केंद्र आहे. त्याच्या इलेक्ट्रॉनांना दोन खोल्या, ज्यांना दऱ्या म्हणतात, अगदी सारख्या उपलब्ध आहेत. शुद्ध ग्राफीनमध्ये प्रकाशाने एकच दरी भरणं जमणार नाही असा समज होता, कारण केंद्र दोघींना समान ठेवतं. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईचे एम. एस. मृदुल आणि गोपाल दीक्षित यांनी बर्लिनच्या माक्स बॉर्न संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर गणिताने दाखवलं, की बेलाच्या पानाचा प्रकाश वापरला तर जमतं. पान एका दिशेला असेल तर एक दरी जास्त भरते, फिरवलं की दुसरी. हे सैद्धांतिक काम होतं. २०२४ मध्ये अशाच तीन पाकळ्यांच्या क्षेत्राने म्युनिकजवळ एकाच थराच्या बोरॉन नायट्राइडवर आणि बार्सिलोनाजवळ जाड मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. तो दुसरा स्फटिक म्हणजे वर फोंड्याच्या बाईंना सांगितलेला, केंद्र असलेला, दुप्पट वारंवारतेला ठाम नकार देणारा.

मला मात्र ‘नकार उलटवला’ हा शब्द पटत नाही. स्फटिक आणि प्रकाश मिळून जी सममिती उरते तिचा नियम अजूनही तितकाच कडक आहे. तूच तपासून बघ : साध्या वायूवर हाच बेलाच्या पानाचा प्रकाश टाकला तर बाहेर येणाऱ्या वारंवारतांमध्ये मूळ वारंवारतेच्या तिसरी, सहावी, नववी या पटी गायब असतात. तीनच्या पटीत सगळीकडे गाळलेल्या जागा. नियम मोडला असता तर त्या भरल्या असत्या. २०११ मध्ये शंभू घिमिरे आणि सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या स्फटिकातून खूप वरच्या पटींच्या वारंवारता काढल्या, तेव्हापासून घन पदार्थांतही अशा गाळलेल्या जागा वाचण्याचा उद्योग सुरू आहे. प्रबंधाचा विषय शोधत असशील तर तिथे बघ.

प्रश्न : नाशिकला निवृत्तीनंतर दगड गोळा करतो. सिन्नरच्या बाजूचे स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट आणि सुयांच्या पिसाऱ्यासारखा स्कोलेसाइट माझ्याकडे आहे. यांतला कुठला हिरवा प्रकाश देईल?

उत्तर : स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइट दोघांना सममितीचं केंद्र आहे, कितीही देखणे असोत, नाही. स्कोलेसाइटला केंद्र नाही, दाबल्यावर आणि तापवल्यावर त्याच्यावर विद्युतभार येतो, तेव्हा सममितीची परवानगी आहे. पॉइंटरने मात्र काही दिसणार नाही, जोरदार स्पंदांचा लेसर लागतो आणि तो घरी आणायची वस्तू नव्हे.

आणि इचलकरंजीच्या वाचकांना : तुमचा पॉइंटर कुरियरने परत पाठवला आहे. स्फटिकांपुढे अवरक्त प्रकाश अडवणारी काच हवी होती, ती त्यात मुळातच नव्हती. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१० मध्ये असाच एक स्वस्त पॉइंटर तपासला तेव्हा त्यातून हिरव्यापेक्षा कितीतरी पट जास्त अवरक्त बाहेर पडत होता, आणि तो न दिसल्यामुळे डोळा मिटतही नाही. म्हणून डायोड मी काढून ठेवला आहे. केटीपीचा तुकडा वेगळ्या पुडीत आहे, हरवू नका, जांभळट तुकड्यापासून तो सोडवायला मला अख्खी दुपार लागली.